फुकट लायब्ररीचं लायसन

…आणि वर मला म्हणतो कसा, ‘सर, टेन्शन नका घेऊ, फुकट आहे!’

फुकट म्हणे! अहो, तुम्हाला सांगतो, विकत घेतलेला मिक्सर बिघडला तर निदान दुकानदाराच्या नावाने शंख करता येतो, पण फुकट मिळालेल्या वस्तूसाठी कोणाच्या दारात जाऊन ओरडायचं? मी गेलो ना! आंबिवलीला गेलो, दिव्याला गेलो, आणि दिव्यात जाऊन काय केलं, तर पाण्याचे हंडे वर चढवले… हसू नका! पन्नाशी उलटलेला, गुडघ्याला पट्टा बांधणारा, कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस मी, आणि कॉपीराइटसाठी लोकांच्या घरी पाणी भरत होतो!

थांबा, नीट सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटेल, याचं डोकं फिरलंय.

तर मी हरिहर. डोंबिवली पूर्व. आमची हेमा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, घरी गाणं शिकवते. आता क्लासला येणाऱ्या बायका म्हणजे प्रत्येकीची पट्टी वेगळी… एक काळी एकमध्ये गाते, दुसरी पांढरी चारमध्ये, तिसरी कुठे गाते ते तिच्या देवालाच माहीत, आणि प्रत्येकीसाठी तंबोरा लाव, पेटी बदल, तबल्याचं मशीन जुळव, यातच तास संपायचा. म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला. ‘साथसंगत’! बटण दाबा, तुमची पट्टी सांगा, की तंबोरा, पेटी, तबला, सगळं झक्कपैकी तुमच्या पट्टीत वाजायला लागतं. त्याच्यासाठी ठाण्याची एसीतली नोकरी सोडली हो! सासरे अजून माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघून बोलतात.

आणि हेमाकडे शिकायला यायच्या सगुणावहिनी, कल्याणहून. त्यांचे मिस्टर गोपीनाथ म्हात्रे. खाडीच्या बाजूला त्यांचा छोटा कारखाना, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचे बॉक्स बनवायचे. फोनवर फुकट तंबोरा मिळायला लागला (बघा, पुन्हा फुकट!) आणि बिचाऱ्यांचा धंदा बसला. कामाच्या बायकांना घरी बसवायची वेळ आली. एक दिवस सगुणावहिनींना सोडायला आलेले, तर त्यांनी दारातूनच ऐकलं, आणि चपला न काढता आत.

‘हरीभाव, ह्यो तुजा प्रोग्राम माज्या बॉक्सात टाकू! भजनी मंडलांना फोनबिन नको रं. बटन दाबला का वाजला पायजे!’

मी तर उडालोच! हाच तर क्षण, ज्यासाठी सासऱ्यांचा तो भिंतीकडचा चेहरा इतकी वर्षं सहन केला! गोपीनाथभाऊंनी ताबडतोब बायकांना कामावर परत बोलावलं, शीळफाट्यापासून पार उरणपर्यंत भजनी मंडळांच्या ऑर्डरी घेतल्या, गणपतीच्या आधी माल द्यायचा शब्द दिला. सागवानी बॉक्स, पितळी बटणं, पॉलिश असं की त्यात दाढी करावी. फक्त आत प्रोग्रॅम टाकायचा बाकी.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, आधी रीतसर करार करू. आणि करार कोणाकडून तपासून घ्यायचा, तर माझी भाची ऋजुता ठाण्याला वकील आहे, कोर्टाच्या मागच्या गल्लीत ऑफिस. घरचीच मुलगी, मामाकडून काय फी घेणार? फुकट! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी रिक्षावाल्याला पैसे देऊन घरी परत आलो असतो ना, तर पुढचं काही झालं नसतं.

ऋजुताने करार वाचला. चष्मा वर केला.

‘हरीमामा, यात लिहिलंय की हा प्रोग्रॅम संपूर्णपणे तुमचा आहे. आहे?’

‘अगं म्हणजे काय! बायकोला विचार!’

‘मामींना नाही, तुमच्या त्या अद्वयला विचारते.’

हा अद्वय म्हणजे माझा एकमेव कर्मचारी. हुशार आहे, दाढी राखलीय, लग्न ठरलंय, आणि जगातल्या कुठल्याही संकटावर त्याचं एकच वाक्य, ‘सर, टेन्शन नका घेऊ.’ त्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला, तर तो उत्साहाने सांगायला लागला, ‘नाही नाही मॅडम, पट्टी बदलायचा भाग आहे ना, ती लायब्ररी आहे. ओपन सोर्स! आणि तबल्याच्या आवाजाची दुसरी लायब्ररी, ती एका फॉरेनच्या कंपनीकडून सरांनी विकत घेतलेली. मी दोन्ही लिंक केल्या. फुकटवाली तर इतकी भारी आहे ना मॅडम…’

लायब्ररी म्हणजे आपली पुस्तकांची नव्हे बरं का. माझ्या सासऱ्यांना अजून वाटतं, मी डोंबिवलीच्या वाचनालयाचं काहीतरी परत करायचं विसरलोय. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला तयार तुकडा, तो आपण आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा. पुरणपोळी घरची, पुरण बाहेरून आणलेलं, असं समजा. आणि पट्टी बदलणं वाटतं तेवढं सोपं नाही हो! नुसता आवाज वर चढवला की वेगही वाढतो, तबला सर्कशीतल्यासारखा धावत सुटतो. वेग तोच ठेवून पट्टी बदलायची, ही खरी कारागिरी. ती त्या फुकटच्या लायब्ररीत होती. मला ती कधीच जमली नसती.

ऋजुताने दोन्ही लायसनं उघडली आणि वाचत बसली. मी चहा प्यायलो. ती वाचतेय. मी बिस्किटं संपवली. ती वाचतेय. वकील माणूस वाचताना मध्येच ‘अच्छा’ म्हणाला ना, की समजायचं, आपलं काही खरं नाही.

‘अच्छा,’ ऋजुता म्हणाली.

‘काय?’

‘मामा, ही फुकटवाली म्हणते, मला वापरा, बदला, विकासुद्धा. पण मला ज्या प्रोग्रॅममध्ये जोडाल, तो दुसऱ्याच्या हातात देताना त्या सगळ्या प्रोग्रॅमचा कोड, म्हणजे आतलं सगळं लिखाण, द्यायचा. आणि घेणाऱ्यालाही हेच सगळे हक्क द्यायचे.’

‘सगळ्याचा म्हणजे… तिचा.’

‘तिचा आणि तुमचा.’

‘माझा? मी का?’

‘जोडलात म्हणून. आणि ही विकत घेतलेली, हिचं काय म्हणणं आहे, तर माझ्या आतलं कोणाला दाखवायचं नाही, आणि दाखवावं लागेल अशा कशाशी मला जोडायचंही नाही. म्हणजे एक म्हणते सगळं उघड, दुसरी म्हणते काही उघडू नको. या दोघींना एका बॉक्समध्ये घालताच येत नाही, मामा. तुम्ही हा बॉक्स कोणाला देऊच शकत नाही. एकही.’

मी कप खाली ठेवला. म्हटलं, ‘अगं पण आमच्या घरी रोज वाजतंय ते?’

‘घरी खुशाल वाजवा. दुसऱ्याला दिलंत की अडकलात.’

मी जरा आवाज खाली आणला. म्हटलं, ‘ऋजुता… सागवानी बॉक्स आहे गं. आत कोण बघणार?’

तिने माझ्याकडे असं बघितलं, अस्सं बघितलं… माझी ताई लहानपणी बघायची ना, मी तिच्या वाटणीचा लाडू खाल्ल्यावर, सेम टू सेम! ‘मामा, वकिलाला विचारताय? त्या माणसाने वर्षानुवर्षं खपून ते लिहिलंय आणि फक्त एक अट घातलीय. तुम्ही तीही पाळणार नाही?’

फुकट म्हणे! अहो, पैसे मागितले असते तर घासाघीस तरी केली असती!

गोपीनाथभाऊंना सांगायला गेलो, तर ते बॉक्सवरून फडकं फिरवत होते, लहान मुलाला पावडर लावावी तसं.

‘हरीभाव, मना येक सांग. बॉक्स वाजतंय ना?’

‘वाजतोय.’

‘चोरीचा हाय?’

‘नाही हो, फुकट आहे!’

‘मंग? फुकटचा हाय, तर आडवतंय कोन?’

आता यांना काय सांगू? मागे बायका कामं थांबवून माझ्याकडे बघतायत. परत घरी बसवतायत की काय, एवढंच सगळ्यांच्या तोंडावर. मला तिथून मान खाली घालून निघावं लागलं.

अद्वय म्हणाला, ‘सर, टेन्शन नका घेऊ. ज्याने लिहिलंय त्यालाच मेल टाकू. मालक तो आहे, तो आपल्याला वेगळी परवानगी देऊ शकतो. इथे नाव आहे बघा… पोपात. हंगेरीचा वगैरे असेल.’

मी रीतसर इंग्रजीत, डियर मिस्टर पोपात, आपल्या थोर कार्याने आम्ही भारतीय भारावून गेलो आहोत, वगैरे वगैरे… आणि उत्तर काय यावं? शुद्ध मराठीत! ‘मी आंबिवलीला राहतो. रविवारी या. येताना डोंबिवलीहून चांगली कोथिंबीर आणा. पोपट.’

हंगेरी! दाढीवाल्याची हंगेरी कल्याणच्या पुढे निघाली!

लोकलच्या गर्दीतून आंबिवलीला कसा गेलो ते सांगत नाही, तुम्ही सगळे जाताच. पोपटराव म्हणजे मूळचे जुन्नरकडचे, टेलिफोन खात्यात होते, दर गुरुवारी भजनात पखवाज आणि तबला वाजवतात. बायकोला गाण्याच्या टेपा तिच्या पट्टीत ऐकता याव्यात म्हणून त्यांनी ही लायब्ररी लिहिलेली. बायकोसाठी! मी आमच्या हेमासाठी साधी खुंटी ठोकायची तर सुतार बोलावतो.

कोथिंबिरीचा वास घेतला, खूश झाले. मी सगळी रामकहाणी सांगितली. तर म्हणतात, ‘वापरा की! माझी काय हरकत? लिहून देतो, तुम्हाला कोड उघडायची गरज नाही.’

मी पाया पडायचाच बाकी होतो. म्हटलं, ‘पण मग तुम्ही ती अट घातलीच कशाला?’

‘तेव्हा रग होती हो. वाटायचं, माझं घेणाऱ्याने स्वतःचं पण उघडं ठेवलंच पाहिजे. झालं काय, लोक अट वाचूनच पळाले. एवढं लिहिलं, पण वापरलंच नाही कोणी. रतन तेव्हा हेच सांगत होता, कोणीही न्या, काहीही करा, असं लायसन ठेव. बरोबर होतं त्याचं.’

‘कोण रतन?’

‘अहो, अर्धं त्यानेच लिहिलंय. आमचं यावरूनच भांडण झालं, आता बोलणं नाही. तो दिव्याला असतो. त्याची परवानगी लागेल तुम्हाला, माझ्या एकट्याच्या सहीने काय होतंय? फक्त… तो बरोबर होता असं मी म्हणालो, ते त्याला सांगू नका.’

घ्या! फुकटला मालक दोन! पण मी खूश होतो बरं का. म्हटलं, हा आडमुठा होता तो तयार झाला, आणि रतन तर पहिल्यापासून ‘कोणीही न्या’वाला! म्हणजे काम झालंच! रस्त्यातून गोपीनाथभाऊंना फोनसुद्धा केला, ‘भाऊ, पॉलिशचा दुसरा हात मारा!’

दुसऱ्या दिवशी दिव्याला. बिल्डिंगच्या खाली टँकर उभा, आणि अख्खी बिल्डिंग हंडे-कळशा घेऊन खाली. मी विचारलं, ‘रतन कुठे राहतात?’ तर एका हडकुळ्या माणसाने माझ्या हातात भरलेला हंडा दिला, ‘मीच रतन. चला वर, बोलू. लिफ्ट नाही.’

तुम्हाला सांगतो, मी त्याला लायसनबद्दल जे काही समजावलं ते सगळं जिन्यावर! पहिल्या मजल्यावर प्रस्तावना, दुसऱ्यावर गोपीनाथभाऊंच्या कामगार बायका, तिसऱ्यावर पाणी माझ्या शर्टावर… आणि चौथ्यावर मी दाराला टेकून म्हटलं, ‘तर… तुमची… फक्त… परवानगी…’

‘नाही,’ रतन म्हणाला.

‘अहो, तुम्ही तर कोणीही न्या म्हणायचात!’

‘म्हणायचो. चला, अजून एक खेप आहे.’

आणि मी गेलो! का गेलो मला विचारू नका!

दुसऱ्या खेपेनंतर त्याने पंखा लावला, कोकम सरबत दिलं, आणि मग सांगितलं. पोपटरावांशी फाटल्यावर त्याने स्वतःचा एक वेगळा तुकडा लिहिलेला, आवाजातली खरखर काढायचा, आणि ‘कोणीही न्या’ म्हणून सोडून दिला. तो एका कानाच्या मशीनच्या कंपनीने उचलला. रीतसर उचलला, चोरी नाही, त्याची परवानगीच होती. पुढे रतनच्या आईला ऐकू कमी यायला लागलं, म्हणून मशीन आणलं, तर ते नेमकं तेच! माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात रतनचंच नाव. आणि ते मशीन आईच्या कानात शिट्टी मारायचं.

‘शिट्टी का वाजते ते मला ऐकल्याबरोबर कळलं,’ रतन म्हणाला. ‘कोड माझाच ना. त्यांनी त्यात केलेला एक बदल चुकला होता. कंपनीला म्हटलं, मला उघडून द्या, मी फुकट दुरुस्त करतो. ते म्हणाले, सॉरी, आमचा कोड आम्ही कोणाला दाखवत नाही. आमचा! आई इथे कान दाबून बसायची. शेवटी तिने मशीन काढून टाकलं. आता मी ओरडून बोलतो.’

आतल्या खोलीत आजी बसलेल्या. माझ्याकडे बघून छान हसल्या. मी नमस्कार केला तर म्हणाल्या, ‘जेवून जा हां.’

‘पोपट तेव्हा बरोबर बोललेला,’ रतन म्हणाला. ‘घेणाऱ्याने उघडं ठेवलंच पाहिजे. पण त्याला सांगू नका.’

म्हणजे लक्षात आलं का? हे दोघं भांडले, बोलणं टाकलं, आणि एकेकट्याने घरी बसून एकमेकांच्या पार्टीत गेले! तेव्हा पोपटराव उघड म्हणायचे, रतन राहू दे म्हणायचा, आता पोपटराव राहू दे म्हणतात आणि रतन उघड! मध्ये माझा बॉक्स!

हेमा म्हणाली, ‘अहो, दोघांना एकत्र बसवा ना.’ किती सोपं! पण दोघांपैकी एकही दुसरा असेल तिथे यायला तयार नाही. मग मी पोपटरावांना सांगितलं, कल्याणच्या कारखान्यात या, बॉक्सचा तबला जरा कानाखालून घाला. आणि रतनला सांगितलं, नकारच द्यायचाय तर गोपीनाथभाऊंच्या तोंडावर द्या, मला जमत नाही. दोघंही आले. एकमेकांना बघितलं. दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी सगुणावहिनींच्या मागे.

आणि मग जे सुरू झालं! पोपटराव म्हणतात, ‘लोकांना वापरू द्यावं रे, किती ताणायचं!’ रतन म्हणतो, ‘वापरू दे, पण उघडं ठेवून!’ ‘अरे, तूच म्हणायचास!’ ‘आणि तू काय म्हणायचास?’ अद्वय टेनिसची मॅच बघावी तसा मान हलवतोय. बायकांनी कामं थांबवली. गोपीनाथभाऊ माझ्या कानात, ‘हरीभाव, ह्ये भांडतान कशाला? दोगं येकच तर बोलतान!’

शेवटी माझा संयम संपला. मी बाहेर आलो आणि ओरडलो, ‘अहो, पुरे! पोपटराव, हा म्हणाला तुम्ही बरोबर होतात! रतन, हे म्हणाले तुम्ही बरोबर होतात! दोघांनीही सांगू नका म्हणून सांगितलेलं, मी सांगतोय, काय करायचं ते करा!’

पोपटराव बॉक्सच्या बटणाशी चाळा करत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘काकू कशा आहेत रे?’

‘ऐकू येत नाही आता. पण तुझी चौकशी करते. पखवाजवाला येत नाही का, म्हणते.’

आणि रतनने शिट्टीची गोष्ट सांगितली. पोपटरावांनी ऐकली. ऐकता ऐकता चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, ‘रतन, लायसन आहे तसंच राहू दे. तू म्हणतोस तसंच. म्हणजे मी म्हणत होतो तसंच.’

आणि दोघं हसले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या… आणि वाजवता वाजवता माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, राहू दे काय राहू दे? माझं काय? एक जण तयार होता, तोही घालवला! त्यांची दोस्ती जुळवून मी माझाच बॉक्स बुडवला!

‘तसं नाही हो,’ रतन म्हणाला. ‘आम्ही बदलणार नाही, तुम्ही बदला. ते विकतचे फॉरेनचे तबलेवाले काढून टाका. तबला पोपट वाजवील, आपण रेकॉर्ड करू. तो वाजवायचा कोड मी लिहितो, तोही उघडा. मग अडचणच राहत नाही.’

‘आणि माझा प्रोग्रॅम?’

‘तो उघडायचा.’

एवढं सहज! जणू काय खिडकी उघडायचीय!

तबला झाला, खरंच झाला. पोपटराव कारखान्यातच मांडी ठोकून बसले, रतनने माईक लावला, आणि तो दादरा असा वाजला ना… त्या फॉरेनच्या तबल्यात नुसते बोल होते हो, यात माणूस होता. गोपीनाथभाऊंनी लगेच सगळ्यांसाठी वडे मागवले. मी मात्र वडा हातातच धरून बसलो.

सकाळी हेमा स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होती, मी समोर बसून कुढत होतो. म्हटलं, ‘माझी इतक्या वर्षांची मेहनत. उद्या कोणीही उचलेल, आणि स्वतःचा बॉक्स काढेल.’

‘ऋजुता काय म्हणाली?’

‘ती म्हणते, बॉक्स विका, खुशाल विका. फक्त कोड सगळ्यांना खुला ठेवा.’

‘अहो, माझ्याकडे शिकलेल्या मुली स्वतःचे क्लास काढतात. एकीने तर आपल्याच मागच्या गल्लीत काढलाय. माझा बंद पडला का?’

‘ती बेसूर शिकवते म्हणून लोक तुझ्याकडे येतात.’

‘मग तुमचाही प्रोग्रॅम लोक बेसूरच वाजवतील.’ आणि एक जुडी बाजूला ठेवून म्हणाली, ‘खरं सांगा, लोक चोरतील म्हणून घाबरताय, की लोक बघतील म्हणून?’

तुम्हाला सांगतो, तीस वर्षांचा संसार म्हणजे माणसाचा एक्स-रे असतो. अहो, त्या कोडमध्ये काय काय होतं! एका भागाचं नाव ‘शेवटचं’, दुसऱ्याचं ‘खरंच शेवटचं’, तिसऱ्याचं ‘आई शप्पथ शेवटचं’. एके ठिकाणी ‘हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये’ असं लिहिलेलं. एके ठिकाणी सासऱ्यांविषयी दोन ओळी होत्या, त्या इथे सांगत नाही.

मग काय, बसलो. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतात तसा कोड आवरायला बसलो. जळमटं काढली. नावं बदलली. सासऱ्यांना सन्मानाने बाहेर काढलं. अद्वयला म्हटलं, जग बघणार आहे, जरा दाढी कर. तो म्हणाला, ‘सर, टेन्शन…’ मी म्हटलं, गप्प बस!

आणि उघडला. पोपटरावांचं, रतनचं आणि माझं, अशी तिघांची नावं घालून, रीतसर, लायसनसकट, इंटरनेटवर, सगळ्या जगासाठी खुला. गोपीनाथभाऊंचे बॉक्स गणपतीच्या आधी गेले. आरतीला वाजले, भजनांना वाजले, उरणहून फोन आला की आमच्या बुवांना त्यांची पट्टी सापडली, गेली वीस वर्षं हरवलेली. कामाच्या बायका कामावर आहेत. सगुणावहिनी पेढे घेऊन आल्या. सासरे माझ्या तोंडाकडे बघून ‘बरं वाजतं’ म्हणाले. सगळं छान झालं, नाही म्हणत नाही.

पण मी मात्र पहिल्या दिवसापासून पहाऱ्यावर बसलो होतो. म्हटलं, आता येणार, आता कोणीतरी उचलणार, चीनमध्ये नेणार, अमेरिकेत नेणार, माझ्यावर करोडपती होणार! सकाळी उठलो की आधी तेच बघायचं, कोणी नेला का. दात घासायच्या आधी! हेमा म्हणायची, अहो, चहा गार होतोय. म्हटलं, चहा राहू दे, इथे आयुष्याची कमाई रस्त्यावर पडलीय!

पहिला आठवडा, कोणी नाही. म्हटलं, दबा धरून बसले असतील. दुसरा आठवडा, एक जण येऊन गेल्याचं दिसलं! मी ताडकन उठलो, अद्वयला ओरडलो, सापडला! तर तो रतन होता. सगळं नीट उघडलंय की नाही ते तपासायला आलेला, आणि जाताना एक स्पेलिंग सुधारून गेला.

गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळीचा फराळसुद्धा संपत आला. मंडळी, एवढा झाडून-पुसून, नटवून-सजवून ठेवलेला प्रोग्रॅम, चक्क फुकट, आणि जगात एक माणूस ढुंकून बघत नाही! फुकट म्हणे! आता तर मी नातेवाइकांना सांगायला लागलोय, अहो, चोरा, निदान एकदा चोरून तरी बघा… तर सगळे म्हणतात, नको बाबा, फुकट आहे म्हणजे त्यात काहीतरी भानगड असणार.